दोन हार्ट, एक मेमरी: इम्युलेटरमध्ये ॲटॉमिक लेखन कसं सांभाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही दोघांनी सी भाषेत ६४ बिटचा रिस्क-फाइव्ह इम्युलेटर, म्हणजे त्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लिहिलाय. एका हार्टवर (हार्डवेअर थ्रेड, म्हणजे गेस्टचा एक प्रोसेसर) लिनक्स व्यवस्थित बूट होतो. दुसरा हार्ट वाढवून प्रत्येकाला एकेक पीथ्रेड, म्हणजे समांतर चालणारा धागा, दिलात, तेव्हापासून लॅपटॉपवर कर्नल (लिनक्सचा गाभा) अधूनमधून अडकतो आणि लॅबमधल्या रास्पबेरी पाय ४ वर जवळजवळ दर वेळी अडकतो. सगळ्या ॲटॉमिक (मध्ये कुणी शिरू शकत नाही अशा) इन्स्ट्रक्शनभोवती एकच म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, लावलेला आहे, तो नीट घेतला आणि सोडला जातोय हेही तुम्ही तपासलंय. मग लिहिलेली किंमत हरवते कुठे?

ती म्यूटेक्सच्या बाहेर हरवते. तुमचा म्यूटेक्स एका ॲटॉमिक इन्स्ट्रक्शनला दुसऱ्या ॲटॉमिक इन्स्ट्रक्शनपासून वाचवतो. साधा स्टोअर (मेमरीत लिहिणारं इन्स्ट्रक्शन) त्या म्यूटेक्सकडे बघतसुद्धा नाही, थेट मेमरीत लिहून मोकळा होतो. खऱ्या प्रोसेसरमध्ये एएमओ (वाचून-बदलून-लिहिणाऱ्या ॲटॉमिक) इन्स्ट्रक्शनची हमी याहून मोठी असते: माझं वाचणं आणि माझं लिहिणं यांच्या मध्ये त्या जागेवर कुणाचंही, कसलंही लेखन शिरणार नाही. इम्युलेटर लिहिताना लक्ष ॲटॉमिक इन्स्ट्रक्शनवर राहतं, कारण मॅन्युअलमध्ये त्यांचं वेगळं प्रकरण असतं. पण ही हमी एकट्या त्या इन्स्ट्रक्शनला देता येत नाही. गेस्टच्या, म्हणजे इम्युलेटरमध्ये चालणाऱ्या सिस्टिमच्या, मेमरीत जे जे कोणी लिहितं त्या सगळ्यांनी ती पाळावी लागते. तुमच्या कोडमध्ये असे लिहिणारे तुम्हाला वाटतात त्यापेक्षा बरेच जास्त आहेत, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी लॅपटॉपवरचं अडकणं. तुमच्या कर्नलमध्ये स्पिनलॉक (मिळेपर्यंत फिरत वाट पाहायला लावणारा लॉक) तिकीट पद्धतीचा असेल, तर घडतं ते असं. लॉक म्हणजे ३२ बिटांचा एक शब्द. वरच्या १६ बिटांत पुढचं तिकीट, खालच्या १६ बिटांत सध्या कुणाचा नंबर चालू आहे ते. लॉक घेणारा एएमओॲड वापरून पूर्ण ३२ बिटांच्या शब्दात १ गुणिले ६५५३६ मिळवतो, म्हणजे वरचा अर्धा भाग एकानं वाढतो. लॉक सोडणारा मात्र एएमओ वापरत नाही. लॉक त्याच्याच हातात असल्यामुळे तो आधी फेन्स (मेमरीच्या कामांचा क्रम उलटू न देणारं इन्स्ट्रक्शन) टाकतो आणि खालच्या १६ बिटांवर साधा हाफवर्ड स्टोअर करतो.

समजा पुढचं तिकीट ८ आहे आणि चालू नंबर ७, म्हणजे लॉक हार्ट १ कडे आहे. हार्ट ० म्यूटेक्स घेऊन एएमओॲड सुरू करतो आणि ८ व ७ ही जोडी वाचतो. त्याच क्षणी हार्ट १ लॉक सोडतो: साधा स्टोअर, म्यूटेक्स नाही, खालच्या अर्ध्यात ८ लिहून मोकळा. आता हार्ट ० आपली बेरीज पूर्ण करून अख्खा ३२ बिटांचा शब्द परत लिहितो: वर ९, खाली जुनाच ७. हार्ट १ नं लिहिलेला ८ पुसला गेला. हार्ट ० च्या हातात ८ नंबरचं तिकीट आहे, चालू नंबर कायमचा ७, आणि लॉक सोडायला आता कुणीच शिल्लक नाही. बूट होता होता कर्नल ज्या लॉकवर गोठतो, त्याची किंमत छापून पाहा. वरचा आणि खालचा भाग यांत लॉक धरणारे आणि त्यासाठी थांबलेले यांच्या एकूण संख्येपेक्षा जास्त फरक दिसला की हेच झालंय.

यावर पहिला उपाय सुचतो तो म्हणजे साध्या स्टोअरलाही म्यूटेक्स लावायचा. उत्तर बरोबर येईल, पण गेस्टचा प्रत्येक स्टोअर म्यूटेक्स घेऊ लागला तर दोन थ्रेड करून मिळवलं काय? पत्त्यानुसार शंभर म्यूटेक्स वाटले तरी अडचण तीच, कारण प्रत्येक स्टोअरनं कुठला ना कुठला म्यूटेक्स घ्यावाच लागतो.

खरा उपाय सोपा आहे: म्यूटेक्स काढून टाका आणि होस्ट (ज्यावर इम्युलेटर चालतो त्या) प्रोसेसरचीच ॲटॉमिक इन्स्ट्रक्शन वापरा. गेस्टचा पत्ता होस्टच्या पॉइंटरमध्ये बदलून झाला की त्या पॉइंटरवर जीसीसी किंवा क्लँगचं ॲटॉमिक फेच-ॲड बिल्ट-इन (कंपायलरमधलं तयार फंक्शन) चालवा. एक्स८६ वर, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर, त्याचं लॉक उपसर्ग असलेलं एक्सॲड होतं. पाय ४ मधला कॉर्टेक्स-ए७२ हा आर्म ८.० चा आहे, त्यात थेट ॲटॉमिक बेरजेचं इन्स्ट्रक्शन नाही, म्हणून तिथे एक्सक्लुझिव्ह लोड (वाचन) आणि एक्सक्लुझिव्ह स्टोअरचं छोटं लूप तयार होतं. दुसऱ्या कोअरनं मध्येच त्या जागेवर साधा १६ बिटांचा स्टोअर केला, तरी एक्स८६ मध्ये कॅश लाइन ताब्यात असल्यामुळे तो थांबतो आणि आर्ममध्ये एक्सक्लुझिव्ह स्टोअर फसून लूप पुन्हा फिरतं. साध्या स्टोअरला काहीही जादा किंमत मोजावी लागत नाही. म्यूटेक्सला जे जमत नव्हतं ते हेच. पाय ५ मध्ये कॉर्टेक्स-ए७६ आहे, त्यात आर्म ८.१ ची ॲटॉमिक इन्स्ट्रक्शन आहेत; तुमच्या सोर्समध्ये मात्र त्यासाठी एक अक्षरही बदलावं लागत नाही.

एएमओच्या ९ क्रियांपैकी स्वॅप, ॲड, अँड, ऑर आणि एक्सऑर यांना थेट बिल्ट-इन आहेत. साइन्ड आणि अनसाइन्ड अशा दोन्ही प्रकारच्या मिन-मॅक्सला, सगळ्या कंपायलरवर चालायला हवं असेल तर, जुनी किंमत वाचून कम्पेअर-अँड-स्वॅपचं (मेमरीत अपेक्षित किंमत असेल तरच नवी लिहिणारं) लूप लिहावं लागतं. ३२ बिटांच्या एएमओचा निकाल ६४ बिटांच्या रजिस्टरमध्ये साइन-एक्सटेंड होऊन (वरचे बिट चिन्हाच्या बिटानं भरून) जातो, आणि अनसाइन्ड मिन-मॅक्समध्येही जुनी किंमत तशीच साइन-एक्सटेंड होते. इथे पुष्कळ जण चुकतात. पत्ता नैसर्गिक अलाइनमेंटवर (आकाराच्या पटीत) नसेल तर कारण क्रमांक ६ चा अपवाद द्या आणि पुढे जा.

आता साधा स्टोअर. तुमचं मेमरी लिहिण्याचं फंक्शन मी पाहिलं नाही, पण शिकताना लिहिलेल्या बहुतेक इम्युलेटरमध्ये ते बाइटच्या ॲरेवर एकेक बाइट शिफ्ट करून लिहितं. एका थ्रेडमध्ये ते अगदी बरोबर आहे. दोन थ्रेडमध्ये ८ बाइटांचा पॉइंटर ८ तुकड्यांत मेमरीत उतरतो आणि दुसरा हार्ट अर्धा जुना, अर्धा नवा पॉइंटर वाचू शकतो. रिस्क-फाइव्हच्या मेमरी मॉडेलमध्ये अलाइन केलेला ८ बाइटांपर्यंतचा लोड किंवा स्टोअर एकसंध असतो आणि कर्नल त्यावर पूर्ण विसंबून असतो. ऑप्टिमायझेशन चालू असताना कंपायलर ते ८ बाइट कधी एकत्र करतो, कधी करत नाही. म्हणजे एका बिल्डमध्ये चालणारा इम्युलेटर दुसऱ्या बिल्डमध्ये मोडतो आणि माणूस कंपायलरला दोष देत बसतो.

म्हणून गेस्टच्या रॅमवरचा प्रत्येक अलाइन केलेला लोड-स्टोअर योग्य आकाराच्या रिलॅक्स्ड (क्रमाची हमी न देणाऱ्या) ॲटॉमिक बिल्ट-इननं करा. एक्स८६ आणि ६४ बिट आर्म या दोन्हींवर त्याचं साधं एकच लोड किंवा स्टोअर इन्स्ट्रक्शन होतं, वेगात फरक पडत नाही. त्याशिवाय सी भाषेच्या नियमानुसार दोन थ्रेडनी एकाच जागी साधं लिहिणं-वाचणं हे डेटा रेस ठरतं आणि मग कंपायलरला काहीही करायची मुभा मिळते; रिलॅक्स्ड ॲटॉमिकनं ती वाटही बंद होते. अलाइन नसलेला ॲक्सेस तुकड्यातुकड्यांनी केला तरी चालतो, कारण तिथे गेस्टला एकसंधपणाची हमी नाही. फक्त तो पानाच्या सीमेवर पडत असेल तर दोन्ही पानांचे पत्ते आणि परवानग्या आधी तपासा, मगच पहिला बाइट लिहा. पहिल्या पानात ३ बाइट लिहून दुसऱ्या पानावर फॉल्ट आला, तर अर्धवट लेखन मागे राहतं.

परवानगीचाच आणखी एक मुद्दा. एएमओ वाचतो आणि लिहितो, पण त्याचा पेज फॉल्ट (पानाला परवानगी नसल्याचा अपवाद) नेहमी लेखनाचाच, म्हणजे कारण क्रमांक १५. पत्ता बदलतानाच लिहिण्याची परवानगी मागा, मेमरीला हात नंतर लावा. फोर्क, म्हणजे प्रोसेसची प्रत, झाल्यावर पानं कॉपी-ऑन-राइट होतात, म्हणजे वाचता येतात पण लिहिता येत नाहीत. अशा पानावर एएमओ आला आणि तुम्ही चुकून वाचनाचा फॉल्ट, क्रमांक १३, दिलात, तर कर्नल पाहतो की पान तर वाचता येतंय. तो काही न करता परत पाठवतो, तेच इन्स्ट्रक्शन पुन्हा फॉल्ट देतं आणि प्रोसेस तिथेच फिरत राहते. एलआरचा (वाचून त्या जागेचं आरक्षण करणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा) फॉल्ट मात्र वाचनाचा, १३. एससीचा (आरक्षण टिकलं असेल तरच लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा) पुन्हा १५. एक्स८६ इम्युलेट करणाऱ्यांनाही हे लागू आहे: तिथे सीएमपीएक्सचेंजची (एक्स८६ च्या कम्पेअर-अँड-स्वॅपची) तुलना फसली तरी प्रोसेसर लेखन करतोच, जुनीच किंमत परत लिहितो, त्यामुळे तुलनेचा निकाल काहीही असला तरी लिहिण्याची परवानगी लागते.

आता पायवरचं दुखणं. लॅपटॉपवर कधीमधी आणि पायवर दर वेळी, हा फरकच खूप काही सांगतो. माझा अंदाज, तुमच्या इम्युलेटरमध्ये फेन्स इन्स्ट्रक्शन काहीच करत नाही. एका थ्रेडमध्ये ते योग्यच होतं. एक्स८६ मध्ये मेमरीचा क्रम बराच कडक असतो: एका कोअरचे स्टोअर इतरांना त्याच क्रमानं दिसतात, लोडही क्रमानं होतात, फक्त आधीचा स्टोअर बफरमध्ये असताना नंतरचा लोड पुढे जाऊ शकतो. त्यामुळे कर्नलनं टाकलेले बहुतेक फेन्स तुम्ही गिळले तरी लॅपटॉप सांभाळून घेतो. आर्म सांभाळून घेत नाही. तिथे लॉक सोडल्याचं लेखन, लॉकच्या आत केलेल्या लेखनाच्या आधी दुसऱ्या कोअरला दिसू शकतं. लॉक मोकळा दिसतो आणि आतला डेटा अजून जुनाच असतो.

सुरुवातीला प्रत्येक फेन्ससाठी पूर्ण सीक्वेन्शियली कन्सिस्टंट (सगळ्यांना एकच क्रम दिसेल असा) थ्रेड फेन्स टाका. नंतर वेग मोजून वाचनाचे आणि लेखनाचे फेन्स हलके करता येतात. एक्स८६ वर फक्त स्टोअरनंतर लोड असा क्रम बांधणाऱ्या फेन्सलाच खरं इन्स्ट्रक्शन लागतं, बाकीच्यांना कंपायलरला अडवलं की पुरतं.

एएमओच्या ॲक्वायर आणि रिलीज बिटांचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे चांगले जाणतेही फसतात. दोन्ही बिट लावलेल्या एएमओच्या आधीचं काहीही नंतर आणि नंतरचं काहीही आधी दिसता कामा नये. तुम्हाला वाटेल, सीक्वेन्शियली कन्सिस्टंट फेच-ॲड वापरला की झालं. एक्स८६ वर खरंच झालं, कारण लॉक उपसर्ग हाच पूर्ण फेन्स आहे. आर्म ८.० वर त्याचं ॲक्वायर एक्सक्लुझिव्ह लोड आणि रिलीज एक्सक्लुझिव्ह स्टोअर असं लूप होतं. ॲक्वायर लोडच्या नंतरचं काही त्याच्या आधी जाणार नाही, रिलीज स्टोअरच्या आधीचं काही त्याच्या मागे पडणार नाही. पण नंतरचा एखादा साधा लोड त्या रिलीज स्टोअरच्या आधी सरकू शकतो. सीच्या नियमांत ते बसतं, कारण तो साधा लोड सीक्वेन्शियली कन्सिस्टंट नाही. कर्नलला अपेक्षित असलेल्या पूर्ण फेन्समध्ये बसत नाही. लिनक्सच्या आर्म ६४ भागातल्या ॲटॉमिक क्रियांमध्ये नेमकी हीच फट होती आणि २०१४ मध्ये ती शेवटी पूर्ण फेन्स घालून बुजवली गेली. तुमच्याकडेही दोन्ही बिट असलेल्या एएमओनंतर आर्म होस्टवर एक पूर्ण थ्रेड फेन्स टाका.

उलट दिशेनं, म्हणजे एक्स८६ गेस्ट आर्मवर चालवायचा असेल, तर साध्या लोड-स्टोअरनाही क्रम द्यावा लागतो आणि ते फार महाग पडतं. ॲपलनं २०२० च्या एम१ मध्ये प्रोसेसरलाच एक्स८६ सारखा क्रम पाळायला लावणारी सोय ठेवली ती याचसाठी. तुम्हाला ती गरज नाही. रिस्क-फाइव्हचं मॉडेल ढिलं असल्यामुळे गेस्ट आपले फेन्स स्वतःच घेऊन येतो.

एलआर आणि एससी. रूढ पद्धत अशी: एलआर आला की फिजिकल पत्ता आणि वाचलेली किंमत हार्टच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवायची. एससी आला की पत्ता तोच आहे का पाहायचं आणि मग होस्टवर कम्पेअर-अँड-स्वॅप करायचं: मेमरीत अजून जुनी किंमत असेल तरच नवी लिहायची. जमलं तर ०, नाही तर १. पत्ता व्हर्च्युअल ठेवू नका, एकच पान दोन व्हर्च्युअल पत्त्यांवर असू शकतं.

आणि एससी जमो वा फसो, आरक्षण पुसलंच पाहिजे. लिनक्स ट्रॅपमधून परतताना मुद्दाम एक एससी चालवतो, ती लेखनासाठी नसते, आधीच्या प्रोसेसचं अर्धवट आरक्षण पुसण्यासाठी असते. त्या एससीचा पत्ता आरक्षणाच्या पत्त्याशी जुळणार नाही, म्हणजे ती फसणार. फसलेल्या एससीवर तुमचं आरक्षण तसंच राहत असेल, तर प्रोसेस बदलल्यावर भलत्याचीच एससी यशस्वी होईल.

कम्पेअर-अँड-स्वॅपच्या या पद्धतीत एक खरी उणीव आहे. आपल्याकडच्या हापूसच्या पेटीवर बागायतदाराचा शिक्का सकाळी पाहिलात, संध्याकाळी पुन्हा पाहिलात, शिक्का तोच. मधल्या वेळात पेटी उघडून माल बदलला आणि तसाच शिक्का परत मारला असेल, तर शिक्का पाहून ते कळत नाही. कम्पेअर-अँड-स्वॅप फक्त शिक्का पाहतं. खरी एससी पेटी उघडली होती का हे पाहते. लॉक नसलेला स्टॅक घ्या. हार्ट ० नं एलआर करून डोक्यावरचा नोड क वाचला, त्याच्या खालचा ख आहे हेही वाचलं. तेवढ्यात हार्ट १ नं क काढला, ख काढून मोकळा केला आणि क परत वर ठेवला. डोक्यावर पुन्हा क. खऱ्या हार्डवेअरवर हार्ट ० ची एससी फसते. तुमच्याकडे ती जमते आणि स्टॅकच्या डोक्यावर मोकळा केलेला ख येऊन बसतो.

हे किती मनावर घ्यायचं? लिनक्स बूट करणं एवढंच ध्येय असेल तर रूढ पद्धत पुरते. कर्नल एलआर-एससी मुख्यतः कम्पेअर-अँड-स्वॅप घडवण्यासाठी किंवा शून्य नसेल तरच मिळव अशा क्रियांसाठी वापरतो, आणि तिथे मधल्या घडामोडींनी निकाल बिघडत नाही. क्यूईएमयूसारखा मुरलेला इम्युलेटरही याच वाटेनं जातो. पण तुमच्या इम्युलेटरवर दुसरं कुणी हातानं लिहिलेलं असेंब्ली तपासणार असेल, तर हा फरक लपवू नका, प्रोजेक्टच्या अहवालात स्पष्ट लिहा. काटेकोर उपाय हवाच असेल तर पत्त्याच्या हॅशवर एक तक्ता ठेवता येतो. एलआर आपल्या खान्यात आपला हार्ट क्रमांक लिहितो, प्रत्येक साधा स्टोअर आणि एएमओसुद्धा आपला क्रमांक लिहितो, आणि एससी बाकी सगळ्या हार्टना थांबवून खान्यात अजून आपलाच क्रमांक आहे का ते पाहते. म्हणजे प्रत्येक साध्या स्टोअरमागे एक जादा लेखन आलं. इंटरप्रिटरमध्ये ते सोसतं, जेआयटीमध्ये (गेस्टच्या कोडचं होस्टच्या कोडमध्ये भाषांतर करून चालवणाऱ्यात) टोचतं. तुमच्या जागी मी आधी रूढ पद्धत बसवीन आणि तक्ता कंपाइल करतानाच्या पर्यायामागे ठेवीन.

सगळ्या हार्टना थांबवणं, हे यंत्र मात्र बांधून ठेवाच. होस्टला जे ॲटॉमिकपणे जमत नाही, उदाहरणार्थ पुढेमागे १६ बाइटांचा ॲटॉमिक आला आणि होस्टवर सोय नसली, तिथे तोच शेवटचा आधार. क्यूईएमयूनं २०१७ च्या २.९ आवृत्तीत प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयूला वेगळा थ्रेड दिला, तेव्हा न जमणाऱ्या ॲटॉमिकसाठी हीच वाट ठेवली: बाकीचे थांबव, ते एक इन्स्ट्रक्शन एकट्यानं चालव, पुन्हा सगळ्यांना सोड. थांबायची जागा दोन गेस्ट इन्स्ट्रक्शनच्या मध्येच असावी. डब्ल्यूएफआयमध्ये (इंटरप्टची वाट पाहणाऱ्या इन्स्ट्रक्शनमध्ये) झोपलेला हार्ट थांबलेलाच धरा, नाही तर त्याच्या जागं होण्याची वाट बघत सगळेच अडकतात. आणि थांबवायला सांगणाऱ्या थ्रेडनं त्या वेळी इम्युलेटरचं दुसरं कुठलंही लॉक धरलेलं नसावं.

आता ज्या लिहिणाऱ्यांकडे कुणी बघत नाही त्यांच्याकडे येतो. माझ्या अनुभवात शेवटच्या चिवट चुका इथेच सापडतात.

पहिला, पेज टेबल (व्हर्च्युअल पत्त्यावरून फिजिकल पत्ता सांगणारा तक्ता) चालणारं तुमचंच फंक्शन. पान वापरलं गेलं किंवा त्यावर लिहिलं गेलं की ते पेज टेबलच्या नोंदीत ए आणि डी बिट लावतं. ते नोंद वाचतं, बिट लावतं, परत लिहितं, आणि नेमकं त्याच वेळी दुसऱ्या हार्टवरचा कर्नल ती नोंद पुसत असेल तर पुसलेली नोंद पुन्हा जिवंत होते. हे लेखन कम्पेअर-अँड-स्वॅपनंच करायचं आणि फसलं तर पेज टेबल पुन्हा पहिल्यापासून चालायचं. याहून सोपी वाट आहे आणि ती स्पेसिफिकेशनला मान्य आहे: ए बिट नसेल, किंवा लेखन असून डी नसेल, तर सरळ पेज फॉल्ट द्या. लिनक्स ते बिट स्वतः लावतो. मेमरीत लिहिणारा एक जण कमी झाला, मला ही वाट जास्त पसंत आहे.

दुसरा, तुमचा सॉफ्टवेअर टीएलबी, म्हणजे बदलून झालेले पत्ते लक्षात ठेवणारा तक्ता. हार्ट १ नं पान काढून घेतलं आणि एसबीआयमार्फत (कर्नल आणि फर्मवेअरमधल्या दुव्यामार्फत) हार्ट ० ला टीएलबी रिकामा करायला सांगितलं. तुम्ही फक्त झेंडा लावून लगेच परत आलात, तर हार्ट ० जुन्या पॉइंटरवरून त्या पानात लिहू शकतो, आणि तोवर ते पान दुसऱ्या प्रोसेसकडे गेलेलं असतं. ही विनंती सगळ्या हार्टनी पूर्ण केल्यावरच परत यायला हवी. वाट पाहणाऱ्या हार्टनं मधल्या काळात स्वतःकडे आलेल्या अशाच विनंत्या पूर्ण करत राहावं, नाही तर दोन हार्ट एकमेकांची वाट पाहत बसतील.

तिसरा, व्हर्टिओचा (व्हर्च्युअल डिव्हाइसच्या प्रमाणित पद्धतीचा) डिस्क थ्रेड. तो यूज्ड रिंगमध्ये (पूर्ण झालेल्या कामांच्या यादीत) आधी नोंद लिहितो, मग इंडेक्स वाढवतो. इंडेक्सचं लेखन रिलीज क्रमाचं हवं. पायवर ते तसं नसेल तर गेस्टला वाढलेला इंडेक्स आणि जुनी नोंद दिसते, आणि तुम्ही फाइल सिस्टिममध्ये चूक शोधत बसता. यूआर्टसारख्या (सिरियल पोर्ट) डिव्हाइसच्या पत्त्यावर एएमओ आला तर कारण क्रमांक ७ चा ॲक्सेस फॉल्ट द्या, डिव्हाइस रजिस्टरवर वाचून-बदलून-लिहायचा प्रयत्न करू नका.

आणि चौथी गोष्ट गेस्टच्या मेमरीतच नाही, तुमच्या हार्टच्या स्ट्रक्चरमध्ये आहे: एमआयपी रजिस्टर, म्हणजे बाकी राहिलेल्या इंटरप्टची नोंद. टायमरचा थ्रेड त्यात टायमरचा बिट लावतो, दुसरा हार्ट आयपीआयचा (एका हार्टनं दुसऱ्याला दिलेल्या इंटरप्टचा) बिट लावतो, आणि हार्ट स्वतः सीएसआर (नियंत्रण रजिस्टर बदलणाऱ्या) इन्स्ट्रक्शननं सॉफ्टवेअर इंटरप्टचा बिट पुसतो. तुमच्या सोर्समध्ये हे साध्या ऑर-बरोबर आणि अँड-बरोबरनं लिहिलेलं असणार. तिकीट लॉकमध्ये जे झालं तेच इथे होतं: एकानं वाचलं, दुसऱ्यानं लिहिलं, पहिल्यानं जुन्या किमतीवरून परत लिहिलं. आयपीआय हरवला. समोरचा हार्ट उत्तराची वाट पाहत थांबतो आणि पडद्यावर लक्षण दिसतं ते स्पिनलॉक गोठल्याचंच. गेस्टची मेमरी कितीही नीट केली तरी हे अडकणं जाणार नाही, म्हणून यातलं प्रत्येक बदलणं ॲटॉमिक फेच-ऑर आणि फेच-अँडनं करा. डब्ल्यूएफआयमध्ये झोपायचं ठरवताना एमआयपी पुन्हा एकदा, कंडिशन व्हेरिएबलचा म्यूटेक्स हातात असताना तपासा, आणि बिट लावणाऱ्यानंही त्याच म्यूटेक्सखाली जागं करण्याचा संदेश द्यावा.

चाचण्यांबद्दल. तुम्ही लिहिलंय की रिस्क-फाइव्हच्या आरव्ही६४यूए (६४ बिट ॲटॉमिक इन्स्ट्रक्शनच्या) चाचण्या सगळ्या पास होतात. त्यातल्या बहुतेक चाचण्या एका हार्टवर निकाल बरोबर येतो का एवढंच पाहतात, ॲटॉमिकपणा तपासत नाहीत. लिनक्स बूट होणं हीही चाचणी नव्हे, ती फार मोठी आणि फार उशिरा बोलणारी आहे. कर्नलशिवाय थेट चालणारे छोटे प्रोग्रॅम लिहा. पहिला वर सांगितलेल्या घटनेचाच: एक हार्ट ३२ बिटांच्या शब्दाच्या वरच्या अर्ध्यात एएमओॲड करत राहतो, दुसरा खालच्या अर्ध्यात साध्या हाफवर्ड स्टोअरनं १, २, ३ लिहीत जातो आणि लिहिलेलं लगेच वाचून पाहतो. स्वतः लिहिलेल्यापेक्षा जुनी किंमत कधीही दिसली की चूक पक्की. तुमच्या आताच्या म्यूटेक्सच्या कोडवर ही चाचणी लॅपटॉपवरही लवकर पडेल. दुसरा निरोप देण्याचा: एक हार्ट डेटा लिहितो, फेन्स, झेंडा लावतो, दुसरा झेंडा पाहतो, फेन्स, डेटा वाचतो. हा पायवरच चालवायला हवा, एक्स८६ वर त्याला फारसं काही दिसणार नाही. तिसरा स्टोअर बफरचा: दोन्ही हार्ट आपापला झेंडा लावून, फेन्स टाकून, समोरच्याचा झेंडा वाचतात, आणि दोघांनाही ० दिसता कामा नये. हा एकच प्रकार लॅपटॉपवरही फेन्सची चूक पकडतो.

चुकीची खिडकी रुंद करायला इम्युलेटरमध्ये एक पर्याय ठेवा: पत्ता बदलल्यानंतर आणि प्रत्यक्ष लेखनाआधी, यादृच्छिकपणे मध्येमध्ये थ्रेडनं सीपीयू सोडून द्यायचा. यादृच्छिक क्रमांकाचं बीज लॉगच्या पहिल्या ओळीत लिहा. थ्रेड सॅनिटायझर (डेटा रेस शोधणारं साधन) लावून बिल्ड करा. गेस्टची रॅम रिलॅक्स्ड ॲटॉमिकवर गेल्यावर तो तिथे गप्प बसतो आणि जे उरतं ते तुमच्या स्वतःच्या स्ट्रक्चरमधल्या रेस असतात, एमआयपी त्यात पहिल्याच फटक्यात दिसेल.

एका थ्रेडमध्ये दोन्ही हार्ट आलटून पालटून चालवण्याची जुनी पद्धत काढून टाकू नका, पर्याय म्हणून ठेवा. त्यात दर वेळी तोच क्रम मिळतो. एखादं अडकणं त्यातही आलं तर चूक इन्स्ट्रक्शनच्या अर्थात आहे, मेमरीच्या क्रमात नाही, आणि शोध निम्म्यावर येतो.

दुरुस्त्या एकदम करू नका. आधी एमआयपी, कारण ते अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यानं बाकीची लक्षणं स्वच्छ दिसू लागतात. मग लोड-स्टोअर आणि एएमओ, मग फेन्स, मग एससी. प्रत्येक टप्प्यानंतर तिन्ही छोट्या चाचण्या पायवर रात्रभर चालवा. जून लागलाय, रात्री वीज जाते, म्हणून पाय इन्व्हर्टरवर ठेवा आणि लॉगची प्रत्येक ओळ डिस्कवर पक्की उतरवा, नाही तर पहाटे तीनला सापडलेली चूक वीज जाताच लॉगसकट जाईल. एवढं करूनही अडकलं तर बीज, लॉकची किंमत आणि दोन्ही हार्टचे पीसी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) व एमआयपी मला पाठवा. मी देवगडलाच असतो, गणपतीआधी एखाद्या रविवारी रत्नागिरीला येऊन तुमच्या लॅबमध्येच बसून पाहू.